जांभळा तेवढा ठेवा

स्टुडिओवालीने पडद्यावरच्या फोटोत मुलीच्या ड्रेसवर क्लिक केलं आणि बागेतलं गवत, बाक, झाडं, शेजारी उभा असलेला खुद्द जावई, सगळ्यांचा रंग एकदम उडाला. काळ्यापांढऱ्या फोटोत उरली ती जांभळ्या ड्रेसमधली लेक, केस सावरायला हात वर केलेली.

"बघा आई, कसं उठून दिसतंय," जावई म्हणाला.

आईने चष्मा नीट केला आणि छान आहे म्हणाली. लग्नाच्या वाढदिवसाला हा फोटो मोठा करून लेकीला चकित करायचं आणि फ्रेम आईने निवडायची, हा जावयाचाच हट्ट होता. असा हौशी जावई शोधून सापडायचा नाही, असं ती चारचौघांत सांगायची. पण आज तिचं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. लेक हल्ली फोनवर मोजकंच बोलायची, तेही स्पीकरवर, नवरा शेजारी असताना. येताना तिला भेटून येऊ म्हटलं, तर जावयाने तिचं डोकं दुखतंय, झोपू दे, म्हणून विषय मिटवला. आईनेही ताणून धरलं नाही. लेकीच्या संसारात नाक खुपसायचं नाही, हे तिने आधीच ठरवून टाकलं होतं. त्या शहाणपणाचा तिला अभिमानही होता.

स्टुडिओवाली आता साफसफाईला लागली होती. यंत्राला कपडा कळत नाही, फक्त रंग कळतो, असं ती सांगत होती. त्यामुळे ड्रेसचा जांभळा जिथे जिथे सापडला, तिथे तिथे तो राहून गेला होता. मागच्या झुडपावरची फुलं तिने पुसली, लांबच्या बाकावरची कुणाची तरी पिशवी पुसली. मग ती लेकीच्या हातापाशी आली. वर केलेल्या हाताची बाही कोपराखाली घसरली होती.

"कधी कधी कपड्याची झाक अंगावर पडते," ती म्हणाली. "काढून टाकते."

"थांब जरा," आई म्हणाली. "तेवढं मोठं करून दाखव."

हात पडद्यावर पसरला. रंगीत फोटोत झाडाच्या सावलीत हरवलेलं आता लख्ख दिसत होतं. एका बाजूला ओळीने चार डाग, दुसऱ्या बाजूला एक, रुंद. आईचा अख्खा जन्म इस्पितळात नर्स म्हणून गेला होता. असे हात तिने धुतले होते, त्यांना मलम लावलं होतं, आणि 'पडले' म्हणणाऱ्या बायकांना हळूच दुसऱ्या खोलीत नेऊन खरं काय ते विचारलं होतं. पोटच्या पोरीला मात्र विचारायचं राहून गेलं होतं. तिला स्वतःची भयंकर चीड आली.

"दाराला हात लागला होता तिचा," जावई म्हणाला. कुणी काही विचारलं नव्हतं. "धांदरट आहे, तुम्हाला माहीतच आहे. पुसा हो ते."

स्टुडिओवालीने माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

आईने पर्समधून फोन काढला. रिंग बराच वेळ वाजत राहिली. जावई उठून उभा राहिला, पुन्हा बसला, कशाला उठवताय तिला म्हणाला. तिकडून दबका हॅलो आला.

"मी बोलतेय. तो इथे माझ्यासमोर बसलाय, तिथे कुणी ऐकत नाहीये," आई म्हणाली. "आता सांग."

मग ती नुसती ऐकत राहिली. जावई आधी तिच्या तोंडाकडे बघत होता, नंतर जमिनीकडे बघू लागला. शेवटी, "आलेच मी, फोन ठेवू नकोस," एवढंच बोलून आई उठली. स्टुडिओवालीने आधीच जाऊन काचेचं दार उघडून धरलं होतं.

पेशंटकडून थर्मामीटर परत मागावा, तसा आईने जावयापुढे हात केला.

"बाहेरून कुलूप लावून आलायत म्हणे," ती म्हणाली. "किल्ली द्या."