घे लिहून

शेषगिरी वकिलांनी आयुष्यात स्वतःच्या हातानं काही लिहिलं असेल तर त्या फक्त सह्या. धारवाडच्या कोर्टात त्यांना पंचवीस वर्षं झाली होती. दावा असो, कैफियत असो, नाहीतर मुलाच्या शाळेला द्यायची चिठ्ठी असो, ते खुर्चीत मागं रेलायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हं, घे लिहून." ऑफिसात टायपिस्ट लिहून घ्यायचा, घरी बायको, मंगला. मंगला लग्नाआधी जुन्या हुबळीतल्या क्लासात टायपिंग शिकलेली. वकिलांचं वाक्य तोंडातून पुरतं बाहेर पडायच्या आत तिचा पूर्णविराम पडलेला असे.

त्यामुळं २००७ साली अनिशनं, त्यांच्या मुलानं, बेंगळुरूला परत जाता जाता घरच्या कॉम्प्युटरवर गप्पांची ऑर्कुट साइट लावून दिली आणि तिच्यावर वडिलांच्या कॉलेजातल्या मित्रांसाठी 'जुना कट्टा' हा ग्रुप उघडून दिला, तेव्हा नवं काही ठरवायचं नव्हतंच. वकील बोलणार, मंगला टाइप करणार. इंग्रजी अक्षरांत मराठी, आणि भांडण रंगात आलं की कन्नड.

कट्ट्यावर खरे भांडणारे दोघंच. एक हे, आणि दुसरा हुबळीचा प्रभंजन. लॅमिंग्टन रोडवर त्याचं कापडाचं दुकान होतं. बाकीचे, म्हणजे रिटायर्ड मास्तर बाळाचार्य आणि आणखी दोघं-तिघं, मजा बघायला. वाद असा, की दोन्ही गावांचं कॉर्पोरेशन एकच, कचेरी हुबळीत, तर धारवाडला वेगळं हवं की नको. प्रभंजन म्हणे, जुळ्या भावांची वाटणी कसली करता? वकील म्हणत, वाटणी झालीच पाहिजे. खरं सांगायचं तर वकिलांना कॉर्पोरेशनचं एवढं काही पडलं नव्हतं. कॉलेजच्या कँटीनपासून आजवर प्रभंजनला वादात त्यांनी एकदाही गप्प केलेलं नव्हतं, आणि ते मरायच्या आधी एकदा तरी करायचं होतं.

"सदर दोन्ही शहरांच्या गरजा भिन्न असल्याकारणाने," असं ते सांगत, मंगला टाइप करी, आणि प्रभंजन एका ओळीत ते उडवून लावी.

मग एका रविवारी सकाळी प्रभंजनचा फोन आला. "काय रे शेषू, काल काय हाणलास मला! दुकानात एकटाच हसायलो होतो बघ. गिऱ्हाईक बघायलंय माझ्याकडं, ह्याला काय झालं म्हणून!"

वकील फोन ठेवून कॉम्प्युटरकडं गेले. त्यांच्या चार परिच्छेदांच्या खाली दोन ओळी होत्या. 'कॉर्पोरेशन तोडा नाहीतर जोडा, घागरीला त्यातलं काही कळत नाही, नळ आठव्या दिवशी येतो, तेव्हाच ती भरते. पण धारवाडला वेगळं दिलंत, तर निदान शिव्या घालायला हुबळीची बस तरी धरावी लागणार नाही.' त्याखाली प्रभंजननं लिहिलं होतं, 'ह्याला माझ्याकडं उत्तर नाही.'

"हे मी कधी सांगितलं?" वकिलांनी विचारलं.

"शेवट जरा सपक वाटला हो," मंगला म्हणाली. "म्हणून लावल्या दोन ओळी. काढू का?"

काढ म्हणायला जीभ रेटेना. तीस वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते वाक्य समोर होतं. "असू दे," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांच्या पोटात दुखायला लागलं.

कट्ट्यावर शेषूचं नाव गाजू लागलं. वकिलांनी अर्धा तास खपून मुद्दे सांगावेत, आणि लोकांनी नेमकी तिची शेवटची ओळ उचलावी. भात आपण शिजवायचा आणि कौतुक वरच्या फोडणीचं! कोर्टाच्या बाररूममध्ये त्या ओळी ते स्वतःच्या म्हणून ऐकवत, ज्युनिअर हसत, आणि ते हसू त्यांना बोचे. घरी ते मंगलाच्या आमटीला नावं ठेवायला लागले. सगळ्यांत वाईट म्हणजे, प्रभंजनचं उत्तर वाचताना मंगला गालातल्या गालात हसायची. सव्वीस वर्षांच्या संसारात आपल्या एकाही वाक्याला ती अशी हसलेली त्यांना आठवेना. आपण जळतोय हे त्यांना कळत होतं. बायकोवर जळतोय, की तिला हसवणाऱ्या प्रभंजनवर, एवढंच कळत नव्हतं.

एका संध्याकाळी त्यांना कट्ट्यावर आपल्या नावानं नवा मजकूर दिसला. वेळ, दुपारी बारा चाळीस. बारा चाळीसला ते कोर्टात साक्षीदाराची उलटतपासणी घेत उभे होते.

"कुणाला विचारून लिहिलंस?"

"प्रभंजनभाऊजींनी सकाळी डिवचलं होतं. तुम्ही येईपर्यंत थंड झालं असतं ते."

"वाद माझा आहे! मित्र माझे आहेत! उद्यापासून माझं मी टाइप करीन."

"करा की," मंगला म्हणाली, खुर्चीतून उठली, आणि शेंगा सोलायला बसली. तिचा चेहरा उतरला होता. वकिलांना तो पाहून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

चार दिवस त्यांनी एका बोटानं टाइप केलं. एका परिच्छेदाला दीड तास लागे. 'सदर' होतं, 'असल्याकारणाने' होतं, सगळं होतं. कट्ट्यावर चिडीचूप. पाचव्या दिवशी सकाळी प्रभंजनचं एक उत्तर आलं.

'शेषू, वहिनी बऱ्या आहेत ना? चार दिवस दिसल्या नाहीत.'

खाली बाळाचार्य मास्तर. 'मीही हेच विचारणार होतो.'

त्याखाली परत प्रभंजन. 'अरे, तू घागर उचललेली आजवर कुणी पाहिली नाही. आम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं. फोनवर तुझं कौतुक केलं, म्हटलं आपणहून सांगशील.'

वकिलांचे कान तापले. म्हणजे जिंकलो असं आपल्याला वाटत होतं, तेव्हा सगळा कट्टा वाट बघत होता, हा कधी बोलतो म्हणून!

तेवढ्यात हॉलमध्ये फोन वाजला. मंगलानं घेतला. प्रभंजनच असणार, तिचा आवाज एकदम मोकळा झाला. "बरी आहे की, मला काय धाड भरलीय?" ती हसली. मग थोडा वेळ ऐकत राहिली. आणि मग म्हणाली, "छे हो भाऊजी! काहीतरीच तुमचं. मत सगळं ह्यांचं. मी आपली टाइप करते."

वकील पडद्यामागं उभे होते. कुणी चारचौघांत थोबाडीत मारली असती तर ती सोसली असती. चार दिवस जिच्याशी धड बोललो नाही, ती आपली अब्रू झाकत होती. आणि खोटंसुद्धा आपल्यापेक्षा किती सहज बोलत होती! त्याचाही त्यांना हेवा वाटला.

त्या दिवशी कोर्टात त्यांचं लक्ष नव्हतं. संध्याकाळी चहा झाल्यावर ते कॉम्प्युटरपुढं जाऊन बसले आणि दुसरी खुर्ची ओढून शेजारी ठेवली.

"मंगला, ये इकडं."

ती पदराला हात पुसत आली आणि सवयीनं कीबोर्डकडं वळली.

"तिथं नको. इथं बस," वकील म्हणाले. "प्रभंजनला काय उत्तर द्यायचं ते तू सांग. मी टाइप करतो."

मंगला बसली, खुर्चीत मागं रेलली, चक्क डोळे मिटले. "हं," ती म्हणाली, "घ्या लिहून."

ती सांगत गेली, ते एकेक अक्षर हुडकत गेले. मधे एके ठिकाणी 'म्हणून'च्या जागी 'सबब' घालायचा त्यांना फार मोह झाला. पोटातलं दुखणं काही थांबलं नव्हतं. उलट ओळ चांगली निघाली की वाढत होतं. पण ते तिचेच शब्द लिहीत राहिले, आणि शेवटी, तिनं सांगितलं नसतानाही, त्यांनी खाली तिचं नाव घातलं. मंगला. ते सापडायला मात्र बोटाला वेळ लागला नाही.

पाच मिनिटांत प्रभंजन हजर. 'वहिनी, नमस्कार! मुद्दा नेहमीसारखाच जोरात. टायपिंगला आज काय झालंय पण?'

मंगलानं वाचलं, नवऱ्याकडं पाहिलं, आणि हसली. गालातल्या गालात नव्हे, चांगली खळखळून.

"लिहा," ती म्हणाली. "टायपिस्ट नवा आहे. सांभाळून घ्या."

वकिलांनी चष्मा सारखा केला आणि 'ट' साठी टी शोधायला लागले.