काडीवरच्या दोन खुणा

मी तापट आहे, पडेगावात कुणालाही विचारा. दौलताबाद रोडला माझं गॅरेज आहे. गिऱ्हाईक आत यायच्या आधी माझा आवाज बाहेर जातो, असं माझा नवरा मोतीराम म्हणतो. म्हणू दे. वाळूजला एका कारखान्यात मी नऊ वर्षं डिझेलचे नोझल तपासले. फवारा नुसता बघून सांगायचे, हा पास, हा भंगार. बायकांची लाईन बंद झाली तेव्हा रडत बसले नाही, गॅरेज टाकलं.

आमची छोटी डिझेल गाडी, मागून दार उघडणारी, तीही मीच घडवली. घेतली तेव्हा चढ आला की खोकायची. मोतीराम तिच्यातून वाळूजचे अर्जंट पार्ट पुण्याला पोचवतो. पार्टला उशीर झाला तर तिकडं अख्खी लाईन थांबते आणि पुन्हा कुणी बोलवत नाही. म्हणून मी पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलं, नोझल बदलले, इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो मोडक्या जीपचा आणून जोडला. गाडी अशी निघाली की मोतीरामच घाबरला. ब्रेक मात्र जुनेच राहिले. जोर दीडपट आणि ब्रेक तेवढेच. पुढच्या महिन्यात बघू, असं मी सहा महिने म्हणत होते.

टर्बो लागल्यापासून ती ऑइल जरा जास्त खायची. यंदाच्या चौदा जानेवारीच्या आठवडाभर आधी मी इंजिनातलं ऑइल मोजायची काडी काढून बघितली, तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. मोतीरामला असं झापलं की रस्त्यावरची माणसं थांबली. "ऑइल संपलं की इंजिन मेलं! इंजिन मेलं की आपण मेलो! कळतंय का काही?" मग मीच ऑइल घातलं, बरोबर वरच्या खुणेपर्यंत. मीच भरलंय म्हटल्यावर पुन्हा काडी कशाला बघायची? त्या आठवड्यात मी बघितली नाही.

गॅरेजच्या मागं बिरूमामाचा मेंढ्यांचा वाडा आहे. बिरूमामा धनगर, पाचोडकडचा, आमच्याच गावचा. दुष्काळात मेंढ्या घेऊन आला आणि माझ्या आईला म्हणाला, मागं पडून राहतो, गाडीवर नजर ठेवतो. आई हो म्हणाली. पण त्याच्या हातचं कधी काही खाल्लं नाही तिनं. दर संक्रांतीला तो तिळगूळ आणायचा, आई कोनाड्यात ठेवायची, मुंग्या खायच्या. मला वाटायचं, गावानं आपल्याला शिवून घेतलं नाही, आता म्हातारी उट्टं काढतीय. काढू दे, हक्क आहे तिचा.

कारण अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून दंगल झाली तेव्हा गावातलं आमचं घर जाळलं होतं. मी आठ वर्षांची होते. आई मला घेऊन मागच्या भिंतीवरून उतरली. बाप, साहेबराव, पेटी काढायला परत आत गेला. वाचला, पण दोन्ही हात भाजून गेल्यातच जमा झाले. पंधरा वर्षं तो रोज विचारायचा, "नाव झालं का गं?" नाव झालं त्याच्या तीन महिने आधी गेला. तेव्हापासून दर चौदा जानेवारीला, नाव झालं त्या तारखेला, आई विद्यापीठाच्या गेटवर जाते आणि त्याचा फोटो गेटसमोर धरून उभी राहते. एकदाही चुकलेलं नाही.

यंदा अकरावं वर्ष. आईचे गुडघे पार गेलेले, म्हणून म्हटलं, गाडीतून नेते. मोतीराम पुण्याहून येऊन झोपला होता. निघताना बिरूमामा पुढं आला, अंगावर घोंगडी, हातात तिळगुळाचा पुडा. "मीबी येऊ का?" आयुष्यात कधी गेटवर आला नव्हता. मी आईकडं बघितलं. आई मागच्या सीटवर फोटोची काच पुसायला लागली, मी मामाला पुढचं दार उघडलं.

उशीर झालाय म्हणून आई कुरकुरत होती. छावणीच्या रस्त्याला मी गाडी दाबली. खोटं कशाला बोलू, मजा आली. टर्बो शिट्टी मारत होता, मामा दाराला धरून बसला होता. पाणचक्कीच्या अलीकडं पोलिसांनी गाड्या अडवल्या होत्या. आईचे गुडघे बघून हवालदारानं जरा पुढं सोडलं. पुढं माणसंच माणसं. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, कडेवर लेकरं. मी गाडी पावलापावलानं नेत होते, आणि एकदम इंजिनचा आवाज चढला.

माझा पाय ॲक्सिलेटरवर नव्हताच. मी क्लच दाबला, गाडी न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला. आवाज आणखी चढला. किल्ली फिरवली, काढून हातात घेतली. इंजिन चालूच! मागून निळसर पांढरा धूर असा उसळला की आरशात काही दिसेना.

तेव्हा कळलं. इंजिन स्वतःचंच ऑइल पीत होतं. डिझेल बंद केलं तरी उपयोग नाही, आतलं ऑइल संपेपर्यंत ते पळणार, नाहीतर फुटणार. आणि फुटलं की लोखंडाचे तुकडे कुणाच्याही अंगात शिरणार.

"बाई, गाडी बंद करा!" हवालदार ओरडला.

"बंदच केलीय!" मी किल्ली त्याच्या तोंडापुढं नाचवली.

"आग लागली! भागो!" कुणीतरी बोंब ठोकली. गर्दी हलली. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला पोलिसांचे बांबू. एक बाई पडली, तिच्यावरून लोक जाणार एवढ्यात तिला कुणी उचललं. आईला मी ओरडले, "उतर!" आई उतरेना. धुराकडं बघत फोटो छातीशी धरून दगडासारखी बसली होती. तिला कोणता धूर दिसत होता ते मला माहीत होतं.

एक उपाय होता. चौथा गिअर टाकायचा, ब्रेक दाबून क्लच सोडायचा, इंजिन गुदमरून बंद पडतं. पण ब्रेक धरले नाहीत तर? गाडी सरळ त्या पांढऱ्या साड्यांत घुसली असती. माझेच ब्रेक, माझाच आळस! गिअरवरचा हात मी काढून घेतला.

दुसरा उपाय, हवा बंद करायची. उडी मारून बॉनेट उघडलं. एअर फिल्टरचा पाइप हिसकला, बोटं भाजली, पण निघाला. उघड्या तोंडातून हवा आत जायचा नुसता घूं घूं आवाज. हात लावला असता तर हात गेला असता. ओढणी लावली असती तर ओढणी आत गेली असती.

"मामा, घोंगडी!"

बिरूमामानं विचारलं नाही कशाला. घोंगडी काढली, चार घड्या घातल्या आणि दिली. मी ती त्या उघड्या तोंडावर दाबली. ओढ अशी होती की मनगटं थरथरायला लागली, कडेनं हवा शिरतच होती. मग माझ्या हातांवर त्याचे हात आले. म्हातारा छातीचा भार देऊन वाकला. इंजिन धडधडलं, अडखळलं, गाडी हादरली. आणि बंद पडलं.

एवढं शांत झालं की लांबून कुणाचातरी "जय भीम" ऐकू आला. हवालदारानं कपाळ पुसलं. मी आधी आईकडं धावले. ती ठीक होती, फोटोची काच तेवढी तडकली होती.

मग मी काडी ओढून बघितली. ऑइल वरच्या खुणेच्या चार बोटं वर! हे जास्तीचं ऑइलच इंजिन हवेबरोबर ओढून जाळत होतं. माझं डोकं फिरलं.

"कुणी ओतलं? कोणत्या मुडद्यानं ओतलं?"

"म्या," बिरूमामा म्हणाला. तो रस्त्याच्या कडेला बसला होता, हात भाजलेले. "तू म्हणलीस ना, त्याल सपलं की मेलो आपण. रोज सकाळी अर्धा तांब्या घालत व्हतो. जित्राबाला जरा जास्त पाजलं तर तगतं, म्हणलं."

"मला विचारता येत नव्हतं? तोंड नव्हतं का?"

"तू खवळतीस." मग त्यानं मान खाली घातली. "माझं आसंच व्हतं, पोरी. भ्या वाटलं की तोंड शिवलं जातं. त्या सांजंलाबी तसंच झालं. रॉकेलचे डबे निघालेले म्या बघितले व्हते. सांगायला तुमच्या दारापत्तुर आलो. आन् माघारी गेलो. बोललो आसतो तर साहेबराव..."

माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या. खरंच आल्या होत्या. बापाचे हात मला दिसले, ते वाकडे झालेले, घास न धरणारे. मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला, आणि त्याचे हात तर आत्ताच माझ्या हातांवर होते.

"मला ठाऊक व्हतं," मागून आई म्हणाली. गाडीच्या दाराला धरून ती उभी राहिली होती. "तू दारात थांबला व्हतास, बिरू. म्या आतून बघितलं व्हतं. सव्वीस वर्षं वाट बघतीय, कवा तोंड उघडतो म्हणून."

बिरूमामा रडायला लागला. आईनं त्याला गप केलं नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. तिळगुळाचा पुडा सीटवर पडला होता, त्यातला एक लाडू तिनं उचलला, हातात धरला. खाल्ला नाही, पण ठेवलाही नाही.

"सत्ये," ती म्हणाली, "मी चालत जाते गेटपत्तुर. हवालदारसाहेब धरतील मला. तू बिरूला त्यालाची काडी बघायला शिकव."

"आत्ता?"

"आत्ताच."

हवालदारानं तिला हात दिला. ती लंगडत गर्दीत गेली, एका हातात फोटो, दुसऱ्या हातात तिळगूळ.

मी काडी फडक्यानं पुसली. बिरूमामाच्या शेजारी रस्त्यावर बसले आणि काडी त्याच्या डोळ्यांपुढं धरली.

"ही खालची खूण. ही वरची. ऑइल ह्या दोन्हींच्या मधी पाहिजे. खाली गेलं तर मला सांगायचं. वर गेलं तर मला सांगायचं."

"व्हय."

"आणि मामा, मी ओरडले तरी सांगायचं."