घामसाहेबांचा कोट

टाचण्या प्रात्यक्षिकात दोनदा नापास झाला होता, आणि दोन्ही वेळा त्याला पाणी पाजलं होतं ते मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी.

कस्टम्सचे भावी अधिकारी घडवणारं ते केंद्र. कायद्याची कलमं घोकून लेखी परीक्षा कुणीही पास होतो, पण बॅग तपासायला शिकायचं तर समोर प्रवासी हवा. तो आणायचा कुठून? म्हणून सकाळचा नाश्ता उरकला की मावशी ॲप्रन सोडायच्या, गॉगल चढवायच्या आणि एक चाक मोडलेली सुटकेस ओढत 'परदेशातून' यायच्या. गेली अठरा वर्षं. एकही सरहद्द न ओलांडता या बाईइतकी तस्करी जगात कुणी केली नसेल.

'विमानतळ' म्हणजे मागचं जुनं गोदाम. फरशीवर बिनमालवाल्या प्रवाशांसाठी एक हिरवा पट्टा, मालवाल्यांसाठी एक लाल, मध्ये लाकडी टेबल. क्ष-किरण मशीनचा प्रस्ताव नऊ वर्षांपूर्वी वर गेला होता, तोवर भागवायला पुठ्ठ्याचं करून ठेवलं होतं. त्या पुठ्ठ्याच्या मशीनवरही कुणीतरी 'बंद आहे' अशी पाटी लावली होती.

पहिल्या खेपेला मावशींनी घशाला कोरड पडल्याचं सांगितलं. टाचण्या पाणी आणायला धावला आणि परत येतो तो मावशी सुटकेससकट हिरव्या पट्ट्यावरून पसार. दुसऱ्या खेपेला त्यांची लेक बाळंतपणात अडली होती. टाचण्याचे डोळे भरून आले, त्याने सुटकेस स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि दारापर्यंत पोचवली. आत अकरा घड्याळं होती. पुढचा आठवडाभर वर्ग त्याला 'ए हमाल' अशीच हाक मारत होता.

"तोंड वाच रे माणसाचं, तोंड!" शिकवणारे साहेब कपाळावर हात मारून म्हणाले. "कागद खोटं बोलेल, माणूस खोटं बोलेल. घाम कधी खोटं बोलत नाही." हे वाक्य ते तासाला चारदा ऐकवायचे, म्हणून पोरांनी त्यांचं नाव घामसाहेब ठेवलं होतं.

तिसरी खेप शेवटची. तीही गेली की गाशा गुंडाळून घरी. घर म्हणजे ताई आणि ताईचं शिवणाचं दुकान. आईबाप गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं, मशीनशेजारी बसवून, उसवायला कपडे देऊन; टाचण्या हे नावही त्याला तिथंच चिकटलं. ज्या दिवशी तो केंद्रात दाखल झाला त्याच दिवशी तिने त्याचा गणवेश शिवायला घेतला, कमरेला दोन बोटं सैल. "अधिकारी झालास की पोट सुटणारच," ती म्हणाली. तयार गणवेश तिने दुकानात समोरच टांगला होता आणि येईल त्या गिऱ्हाईकाला दाखवत होती. दोनदा नापास झाल्याचं त्याने तिच्या कानावरही घातलं नव्हतं. नापास व्हायची त्याला आता सवय झाली होती. तो गणवेश हँगरवरून उतरवताना ताईचा चेहरा कसा होईल, या विचाराने मात्र त्याची झोप उडाली होती.

परीक्षेच्या दिवशी त्याच्याआधी घोक्याचा नंबर होता. घोक्या बॅचमध्ये पहिला, झोपेतसुद्धा कलमं बडबडणारा. त्याने बारा मिनिटांत लाल कागदात गुंडाळलेली पुडी मोज्याच्या आतल्या मोज्यातून काढून टेबलावर आपटली. आता पद्धत अशी, की साहेबांनी तीच पुडी पुन्हा नव्या जागी लपवायची आणि तेवढा वेळ मावशींसकट सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. सगळे भिंतीकडे वळले. मागे सुटकेसची चेन वाजली, तेवढ्यात साहेबांचा फोनही वाजला. बायकोचा असावा, कारण साहेब नुसतं "हो, आणतो, विसरत नाही, हो" म्हणत होते. मग झाकण धाडकन बंद झालं.

"चला, पुढचा!"

मावशी आल्या. आज त्या भलत्याच रंगात होत्या. हात थरथरत होते, नजर दाराकडे धावत होती, आणि मानेवर चक्क खरा घाम होता. तो त्या कुठून आणायच्या देव जाणे.

"बाई, बॅगेत काय आहे?" टाचण्याने विचारलं.

"चार कपडे आहेत रे बाबा. उघडू नकोस, माझी छाती धडधडतेय. घोटभर पाणी दे आधी."

"तपासणी झाली की देतो."

बाकांवर हशा पिकला. टाचण्याने सुटकेस उघडली. मोजे उलटे केले, पावडरचा डबा चाळला, छत्रीचा दांडा फिरवून पाहिला, बुटांचे तळ वाकवले. खिशातल्या टेपने सुटकेसची खोली आतून मोजली, बाहेरून मोजली. चोरकप्पा नव्हता. शेवटी त्याने अस्तराच्या शिवणीवरून बोट फिरवलं, सावकाश, चारही बाजूंनी. एकच दोरा, एकच मशीन, सगळे टाके सारखे. कुणी उसवून पुन्हा शिवलं असतं तर सुईची जुनी भोकं लागली असती. एवढं त्याला डोळे मिटूनही कळत होतं.

बॅगेत काही नव्हतं.

"तोंड बघ तिचं!" घामसाहेब ओरडले. मावशींच्या तोंडावर तर सात देशांचा माल होता. टेबलावर ब्लेड ठेवलेलं होतं. अस्तर टरकावलं असतं तर निदान मेहनतीचे गुण मिळाले असते. टाचण्याने ब्लेडकडे हात नेला. मग त्याला ताईचं बोलणं आठवलं. गिऱ्हाईक काहीही म्हणू दे, तू शिवण बघ. त्याने तपासणी पत्रक ओढलं आणि लिहिलं, 'काही आढळले नाही. प्रवाशास जाऊ द्यावे.' खाली सही ठोकली.

"बाई, तुम्ही जाऊ शकता."

"मी? जाऊ?" मावशींना विश्वासच बसेना.

"पालथ्या घड्यावर पाणी!" घामसाहेबांनी टाळी वाजवली. "तिसऱ्यांदा नापास! थांब, आता तुला दाखवतोच."

दाखवणं भागच होतं. माल काढून दाखवल्याशिवाय नापासाचा शेरा मारता येत नसे. साहेबांनी कोट खुर्चीला अडकवला आणि बाह्या सरसावल्या. आधी त्यांनी ऐटीत मोजे झटकले. मग बुटांच्या टाचा उपटल्या. मग पावडरचा डबा पालथा केला आणि त्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या. शेवटी त्यांनी ब्लेडने अस्तर फाडलं, तेव्हा ती सरळ शिवण उसवताना पाहून टाचण्याला आपलंच काही फाटल्यासारखं वाटलं. वीस मिनिटं झाली. साहेबांच्या नाकाच्या शेंड्यावरून थेंब गळू लागले.

"पाणी देऊ का, साहेब?" मावशींनी विचारलं.

साहेबांचा हात रुमालासाठी कोटाकडे गेला, खिशात शिरला आणि तिथेच थिजला. मग तो रुमालाशिवायच बाहेर आला. टाचण्याने ते पाहिलं. त्याने दुसरं कोरं पत्रक ओढलं.

"साहेब, कोटात काय आहे?"

"रुमाल! दुसरं काय असणार?"

"खिसा उलटा करून दाखवता?"

"अरे, मी परीक्षक आहे तुझा!"

"हो ना. पण बॅग तुम्ही भरलीत, आणि..." टाचण्याने पत्रकावर पेन टेकवलं. "घाम खोटं बोलत नाही, साहेब."

साहेबांनी खिसा उलटा केला. कोटाच्या खिशातून रुमाल निघाला, बायकोने दिलेली सामानाची यादी निघाली आणि तिच्यात गुंडाळलेली लाल पुडी निघाली. बाकांवर एकच गदारोळ उठला. घोक्याने अशा वेळचं कलम पुटपुटायला सुरुवात केली, त्याला कुणीतरी गप्प केलं.

"म्हणजे बॅगेत काही नसताना मी एवढी थरथरले?" मावशी भडकल्या. "माझ्या कलेची काही किंमत आहे की नाही?"

घामसाहेबांनी मिशा पुसल्या. टाचण्याचं पहिलं पत्रक पुढे ओढलं. मग त्यांनी 'उत्तीर्ण' लिहिलं, आणि मान खाली घालून म्हणाले, "हे बाहेर सांगू नकोस." तोवर निम्मा वर्ग सांगायला बाहेर पळाला होता.

टाचण्याने जिन्याखाली उभं राहून ताईला फोन लावला. पलीकडे मशीन खडखडत होतं.

"ताई, तो गणवेश हँगरवरून उतरव."

मशीन थांबलं. "का रे?" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "काय झालं?"

"घालायचाय मला."

पलीकडे हँगर खडखडला. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"ताई, रडतेस की काय?"

"छे रे," ताई म्हणाली. "घाम आहे."