बारा गुळण्या

साल एकोणीसशे शेहेचाळीस. लढाई संपून वर्ष झालं होतं आणि भिंगारच्या छावणीतले गोरे एकेक करून विलायतेला निघाले होते. माझे वडील सहादेव छावणीतल्या बंगल्यांच्या बागा राखत. आम्ही मूळचे श्रीगोंद्याकडचे, दरेकर. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते, व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, पास झालेली, आणि माझे वरचे दात इतके पुढे होते की ओठ ओठाला लागत नसे.

ओठ मिटत नसले की काय होतं, हे ज्याचे मिटतात त्याला कळायचं नाही. प, ब, भ, म ही अक्षरं ओठांवरची. ती माझ्याकडे नव्हतीच. माझं नाव भागूबाई, मी सांगायची 'व्हागूवाई'. 'बाप' म्हणायला जावं तर 'वाफ' निघे. गल्लीतल्या मुली मला पाहिलं की ओरडत, "सरका गं, वाफ आली, वाफ!"

मला मास्तरीण व्हायचं होतं. त्या जूनमध्ये पुण्याच्या मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजात गेले, तर लेखी परीक्षेत पास आणि प्रकट वाचनात नापास. बाईंनी कागदावर 'उच्चार अस्पष्ट' असं लिहिलं आणि म्हणाल्या, "पुढच्या जूनला एकदा ये. तेव्हाही असंच असलं तर मात्र पुन्हा येऊ नकोस."

फौजेतून सुटून आलेल्या रंगनाथ डॉक्टरांनी त्याच सुमारास नगरात दातांचा दवाखाना घातला होता. वाकडे दात तारेनं सरळ करायची विद्या ते नुकतीच शिकून आले होते आणि ती कुणावर चालवून बघावी हा त्यांना प्रश्न होता. वडिलांनी मला पुढे केलं. डॉक्टरांनी माझं तोंड उघडून पाहिलं आणि त्यांचा चेहरा एखाद्या पैलवानाला तोलाचा जोड मिळावा तसा फुलला.

दाढांना कड्या बसवल्या. त्यांतून एक तार पुढून फिरवली. "जर्मन सिल्व्हरची आहे," डॉक्टर म्हणाले. "पोलादी तार चांगली, पण लढाईमुळे मिळत नाही. ही दर महिन्याला थोडी आवळायची. मे महिन्यापर्यंत दात आत." मग गुलाबी औषधाची बाटली दिली. "यात पाणी घातलेलंच आहे. जेवण झालं की याच्या गुळण्या करायच्या. हिरड्या घट्ट राहतात."

'गुळण्या' हा शब्द त्यांनी सहज वापरला. त्यांच्या मनात एक घोट होता. आमच्या घरात मात्र जेवणानंतरच्या गुळण्या म्हणजे बारा. आई, छबूबाई, हा नेम माहेराहून घेऊन आली होती. बारावी तर थुंकायचीसुद्धा नाही. ती तोंडात धरायची आणि खरकटी भांडी घासून झाल्यावर टाकायची. "त्येवढ्यात बाई बोलत न्हाई आन् भांडी लवकर हुत्यात," असं तिकडची आजी सांगायची म्हणे. तेव्हा मी औषधाच्या बारा गुळण्या केल्या, दोन्ही वेळा, आणि बारावी तोंडात धरून भांडी घासली. पंधरवड्याची बाटली दुसऱ्याच दिवशी संपली. डॉक्टर खूश झाले. "इतकी स्वच्छ मुलगी मी फौजेतही पाहिली नाही," म्हणाले आणि मोठी बाटली दिली.

पहिली तार तेविसाव्या दिवशी तुटली. दुसरी अठराव्या. तिसरी चौदाव्या. दर वेळी एकाच जागी, सुळ्याजवळच्या वाकणात.

तिसऱ्या वेळी डॉक्टर वैतागले. "खरं सांग, काय खाल्लंस? श्रीगोंद्याची ना तू? ऊस?"

"न्हाई."

"हरभरे? हाडूक?"

"डाक्टरसाहेब, पोरगी भात कालवून खातीया," वडील म्हणाले. "आमच्या म्हातारीसारखी."

"मग तार काय वाऱ्यानं तुटते? सहादेव, माझ्याकडे तारेचं एवढंसं भेंडोळं उरलंय. ही चौथी. ही तुटली तर मी सगळं काढून टाकणार. माझ्याच्यानं ह्यापुढे होणार नाही."

मी रडले नाही. रडायला ओठ मिटावे लागत नाहीत, तरी नाही रडले. तुटलेल्या तारेचे तुकडे मागून घेतले आणि पदराच्या टोकाला बांधून घरी आले.

दुसऱ्या दिवशी आईनं मला कल्हईची भांडी घेऊन इब्राहिमचाचांकडे पाठवलं. गल्लीच्या तोंडाशी त्यांची भट्टी होती. कल्हई करायची आणि फुटक्या डब्यांना झाळून जोड द्यायचे, हे त्यांचं काम. मी पदर सोडला तशी त्यांची नजर तुकड्यांवर गेली.

"हे हिरवं काय गं, बेटी?"

"डाक्टरची चांदी हाय."

"चांदी?" त्यांनी तुकडा उजेडात धरला. "ही कसली चांदी! जर्मन हाय ही. हिच्या पोटात तांबं असतंय. तांब्याबिगर असं हिरवं येत न्हाई. आन् हे बघ, मोडलेलं न्हाई हे. खाल्लेलं हाय. तोंड कशानं धुतीस तू?"

मी धावत जाऊन बाटली आणली. माझ्यामागे आईही आली. चाचांनी औषधात बोट बुडवून जिभेच्या शेंड्याला लावलं, तोंड वाकडं केलं आणि थुंकले. मग आपल्या कोनाड्यातली काळी बाटली काढली, तिच्यातला एक थेंब वाटीभर पाण्यात टाकला, ते पाणी चाखलं आणि पुन्हा थुंकले.

"हेच! जस्त टाकून जोर मारलेलं तेजाब, ॲसिड. झाळायच्या आधी डब्यावरचा मळ मी ह्यानंच काढतो. डाक्टरनं पातळ केलंय, रंग घातलाय, लवंगीचा वास घातलाय, पण माल त्योच."

"आगं बया!" आई म्हणाली. "डाक्टर काय पोरीला इख देतोय व्हय?"

"इख न्हाई, छबूवैनी. हिरडीला चांगलंच असंल. पर तारेला? आन् जिथं तार वाकवून ताणलीय, तिथं तर ते आधी खातंय. दिवसाला किती गुळण्या करतीस?"

"चोवीस," मी म्हणाले.

चाचा आधी माझ्याकडे, मग आईकडे बघत राहिले आणि एवढे हसले की भट्टीचा भाता हातातून सुटला.

पण हसून काय होणार? कल्हईवाल्यानं औषध चाखलं हे डॉक्टरांना सांगणार कोण? चाचाच म्हणाले, "सांगू नगं. दाखव."

चहाचे चार काचेचे पेले घेतले. चाचांनी तुटलेल्या तारांच्या चांगल्या भागाचे आठ सारखे तुकडे केले, सगळे सारखेच वाकवले आणि वाकलेले राहावेत म्हणून दोऱ्यानं ताणून बांधले. एका पेल्यात साधं पाणी, दुसऱ्यात मिठाचं, तिसऱ्यात डॉक्टरांचं औषध आणि चौथ्यात बाभळीच्या सालीचा काढा. प्रत्येकात दोन तुकडे. काढा ही आईची सूचना. हिरड्यांना तिच्या माहेरी तोच लावत. पेले मी फळीवर मांडले, रोज सकाळी ताजं पाणी-औषध घालायची आणि काय दिसतं ते पाटीवर लिहायची. स्वतः औषध बंद केलं, नुसत्या पाण्यानं चुळा भरल्या. चौथी तार माझ्या तोंडात होती आणि रोज उठल्यावर मी आधी जिभेनं ती चाचपायची.

बाराव्या दिवशी चारही पेले ताटात ठेवून मी आणि वडील दवाखान्यात गेलो. मी पाटी वाचायला लागले, पण माझ्या उच्चारांतून 'बाभळ' निघेना, म्हणून वडिलांनी सांगितलं. इब्राहिमचाचांचं नाव येताच डॉक्टरांच्या भुवया वर चढल्या.

"म्हणजे आता कल्हईवाला मला दातांची विद्या शिकवणार?"

"दातांची न्हाई, साहेब," वडील म्हणाले. "धातूची."

डॉक्टरांनी ताट जवळ ओढलं. मग चिमटा उचलला. पाण्यातला तुकडा वाकवला, तो वाकला. काढ्यातला काळा पडला होता, पण वाकला. मिठातला कुरकुरला, तरी टिकला. औषधातला हिरवा तुकडा चिमट्यात धरला न धरला तोच कट् करून तुटला. डॉक्टरांनी दुसरा उचलला. कट्!

"किती गुळण्या करत होतीस?" त्यांनी हळूच विचारलं.

"एका वेळी वारा," मी म्हणाले.

"बारा," वडिलांनी दुरुस्त केलं. "आन् बारावी भांडी घासून हुईपर्यंत तोंडात."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलले आणि खो खो हसत सुटले. डोळे पुसले, उठले, गुलाबी औषधाची भली मोठी बाटली मोरीत उपडी केली आणि टोपी घालून म्हणाले, "चल, दाखव मला ती भट्टी."

भर बाजारातून दातांचा डॉक्टर आमच्यामागून चालत आला, इब्राहिमचाचांच्या भट्टीपुढच्या गोणपाटावर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "चाचा, जर्मन सिल्व्हर आणखी कशाकशानं खराब होतं, सगळं सांगा. मी लिहून घेतो." सगळी गल्ली गोळा झाली. मला वाफ म्हणणाऱ्या मुलीही मागे टाचा उंचावून बघत होत्या.

मग बाभळीचा काढा सुरू झाला. "बारा कर नाहीतर चोवीस कर," डॉक्टर म्हणाले. तार काळी ठिक्कर पडली, पण तुटली नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. होळीच्या दिवशी पोळी खाताना माझा वरचा ओठ खालच्या ओठाला आपसूक टेकला. मी घास तोंडात तसाच ठेवून कितीतरी वेळ ओठ मिटून बसले. आईला वाटलं, चटका बसला.

जूनमध्ये पुण्याला त्याच बाईंपुढे उभी राहिले. वाचन झालं. मान वर न करता त्यांनी विचारलं, "वडील काय करतात?"

"माझे बाप भिंगारच्या बागेत फुलझाडांना पाणी घालतात," मी म्हणाले. प, ब, भ, म, सगळी फौज एका वाक्यात, आणि एकही अक्षर निसटलं नाही. बाईंनी मान वर केली. मागच्या वर्षीचा कागद काढून पाहिला. मग शाईनं आडवी रेघ मारून 'अस्पष्ट'मधला 'अ' खोडला.

रंगनाथ डॉक्टरांना दोन वर्षांनी पोलादी तार मिळाली. पुढं पंचवीस वर्षं त्यांनी नगरात दवाखाना चालवला. नवीन औषध आलं की ते आधी तारेच्या तुकड्यासह पेल्यात ठेवत आणि मगच पेशंटला देत. इब्राहिमचाचांचा कल्हईचा धंदा स्टीलच्या भांड्यांनी बसवला. मग ते स्टोव्ह आणि झाऱ्या दुरुस्त करू लागले. डॉक्टरांची दातांच्या साच्यांचं मेण वितळवायची भांडी शेवटपर्यंत त्यांच्याच हातची होती. ते अडुसष्ट साली गेले, तेव्हा डॉक्टर खांदा द्यायला आले होते. वडिलांनी छावणीची नोकरी संपल्यावर श्रीगोंद्याला पेरूची बाग लावली आणि तिच्यातच म्हातारे झाले. आई सत्त्याऐंशी वर्षं जगली आणि सुनांना तिनं बाराचा नेम लावून दिला, पण त्या सातावरच थांबत. माझी पहिली नेमणूक जामखेडला झाली आणि शेवटची पारनेरला. एक्केचाळीस वर्षं मी पहिलीच्या वर्गाला शिकवलं. निवृत्तीनंतर पारनेरलाच राहिले. इथं माझं छोटं घर आहे.