मशीन थांबल्यावरची लाथ

डॉक्टरबाई, तुम्ही घाबरलात. माझ्यापेक्षा जास्त घाबरलात, आणि तुमची भीती माझ्या पदरात टाकून मोकळ्या झालात.

परवा मी तुमच्यासमोरच्या स्टुलावर बसले होते. तुम्ही दिलेली तारीख उलटून आठवडा होऊन गेला होता. पाय असे सुजले होते की नवऱ्याच्या चपला घालून आले होते. तुम्ही पोटावर टेप लावलात, हात फिरवलात आणि हात धुता धुता भिंतीकडे बघून म्हणालात, "थांबता येईल. नाहीतर कळा आणायचं औषध सुरू करता येईल. दोन्हीत धोका आहे. घरी विचार करा, ठरवा आणि सांगा."

मी विचारलं, "कसला धोका?"

"तसे बरेच असतात," म्हणालात, आणि पुढच्या बाईला हाक मारलीत.

तसे बरेच! बाजारात वांगी विचारली तर भाजीवाली याहून जास्त बोलते. मी दाराशी पोचले तेव्हा तुमच्या सिस्टरने मागून आवाज दिला, "आणि हालचाल कमी वाटली तर लगेच ये गं!" कमी म्हणजे किती, हे विचारायला वळले, तोवर तिने दुसरीच्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळला होता.

घरी आले. विचार करा म्हणालात ना, मग बसलो सगळे विचार करायला. सासूबाई खुर्ची ओढून समोर बसल्या. "काही औषधबिवषध नको. हा माझा पठ्ठ्या दिलेल्या तारखेनंतर कितीतरी दिवसांनी आला. अजून कुठेही वेळेवर पोचत नाही, म्हणून काय बिघडलंय त्याचं?" पठ्ठ्या म्हणजे माझा नवरा. तो मान खाली घालून हसला.

नणंद फोनवर होती. तिची कथा मला तोंडपाठ आहे. तिला औषध देऊन कळा आणल्या, दीड दिवस ती ओरडली आणि शेवटी पोट कापलंच. "वहिनी, एकदा त्यांनी सुई टोचली ना, की आपण त्यांच्या तावडीत. तू आपली थांब."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो लिफ्टा दुरुस्त करतो. दोन मजल्यांच्या मधे अडकलेली माणसं बाहेर काढताना याचा हात कधी कापत नाही. मी म्हटलं, "तू बोल ना काहीतरी."

"तू म्हणशील तसं," तो म्हणाला.

"म्हणजे तूही डॉक्टर झालास का?"

त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. रागावलाही नाही. तेव्हा कळलं, की त्याचंही धाबं दणाणलंय. म्हणजे सगळ्या घरात मी एकटीच ठरवणार होते, आणि मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

आता मुकादमाचं सांगते, नाहीतर तुम्हाला पुढचं कळायचं नाही.

मी बसच्या सीटची कव्हरं शिवते. रेक्झिन, खाली फोम, जाड सुई, मोठ्या मोटरचं मशीन. पाय दाबला की अख्खं टेबल थरथरतं. पोट वाढलं तसं ते टेबलाच्या कडेला टेकायला लागलं. मशीन चालू असेपर्यंत हा पोटात गप्प झोपायचा. मी दोरा बदलायला मशीन थांबवलं, की धाडकन लाथ! जेवायच्या सुट्टीला सगळी मशीनं बंद झाली की विचारूच नका. पलीकडच्या मशीनवर एक बसते, तिला आम्ही रेडिओ म्हणतो, कारण तिचं बटण कुणाला सापडलेलं नाही. तीच पहिल्यांदा म्हणाली, "अगं, हा तर मुकादम आहे! काम थांबलेलं खपत नाही मेल्याला." तेव्हापासून मुकादमच. मुलगा की मुलगी कुणाला ठाऊक, पण सगळ्या बायका पोटाकडे बघून म्हणायच्या, "मुकादम, दोन मिनिटं चहा पिऊ का?"

मग बाळंतपणाची सुट्टी लागली. घरी मशीन नाही. मुकादम मऊ पडला. हलायचा, पण कूस बदलल्यासारखा, आळसात. मला वाटलं, थरथर नाही म्हणून थांबणं नाही, आणि थांबणं नाही म्हणून लाथ नाही. तुमच्याकडे आले त्या दिवशी हे सांगायचं मनात होतं. पण स्टुलावर बसल्यावर ते इतकं बावळट वाटलं, की गिळून टाकलं.

आज सकाळी उठले तेव्हा पोट जड होतं, नेहमीसारखंच. चहा झाला. अंघोळ झाली. साबण लावताना हात थांबला. आज हा हललाय का? आठवेना. काल संध्याकाळी? तेही आठवेना. माणूस श्वास घेतल्याचं आठवतो का? तसं झालं. मी डाव्या कुशीवर पडले. थंड पाणी प्यायले, साखर खाल्ली, पोटाला बोटाने ढोसलं. एकदा आत काहीतरी सरकलं. बाळ सरकलं की आतडं, देव जाणे.

सासूबाई म्हणाल्या, "जागा उरली नाही आत, हलणार कुठून? शेवटी शेवटी गप्पच होतात." नणंदही तेच म्हणाली. मला ते ऐकायचं होतं, म्हणून खरं वाटलं. दवाखान्यात गेले तर तुम्ही विचारणार, ठरवलं का? आणि माझं ठरलं नव्हतं. उत्तर पाठ झालेलं नसलं की पोरं शाळा बुडवतात, तशी मी दवाखाना बुडवत होते. समजतंय का डॉक्टरबाई? पोटातलं पोर हलत नव्हतं, आणि मी तुमच्या प्रश्नाला घाबरून घरात बसले होते.

मग माझ्या डोक्यात ते आलं. तुमच्यासारखं शिकलेलं माणूस ऐकून हसेल. मी नवऱ्याला म्हटलं, "मला कामावर सोड."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"मशीन चालवते आणि थांबवते. लाथ मारली तर आपण थांबू. नाही मारली तर दवाखाना."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने गाडीची किल्ली घेतली. त्यालाही ते पटलं! आम्ही दोघं धडधाकट, अक्कल असलेली माणसं, बाळाची परीक्षा घ्यायला सीटकव्हरच्या कारखान्यात निघालो.

आत गेले तर मशीनं थांबवून सगळ्या गोळा झाल्या. "अजून नाही झालीस का गं तू?" रेडिओ ओरडली. कापडाच्या टेबलावर मोठी मावशी असते, तिच्या हातात कायम ती फूटभर कात्री. ती माझं तोंड बघून कात्री ठेवून आली. मी सांगितलं कशासाठी आले ते. कुणी हसलं नाही. तेव्हाच मला जास्त भीती वाटली.

बाकीच्या आपापल्या मशीनवर गेल्या, मालकाचं काम अडून चालत नाही. मी माझ्या जागी बसले. मधे कुणी बसलं असेल, स्टूल खाली केलेलं होतं. टाकाऊ रेक्झिनचा तुकडा सुईखाली धरला आणि पाय दाबला. टेबल थरथरलं, पोट थरथरलं. हाताला ती सवयीची झिणझिण आली आणि एकदम बरं वाटलं. वाटलं, काही झालेलं नाही, आज साधा कामाचा दिवस आहे. सरळ शिवण मारली. परत मारली. मग पाय उचलला.

रेडिओ बाजूला गुडघ्यावर बसली होती, तिचा तळवा माझ्या पोटावर. नवरा भिंतीशी उभा.

काही नाही.

"झोपलाय," रेडिओ म्हणाली. "परत चालव."

परत चालवलं. परत थांबवलं. थोडा वेळ गेला आणि पोटाला टेबलाच्या कडेशी बारीकसा धक्का बसला.

"मारली!" रेडिओ किंचाळली. "मारली बघ मुकादमाने! मला लागली हाताला!"

कारखाना उसळला. कुणी टाळ्या वाजवल्या. नवरा भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि तोंडावरून हात फिरवायला लागला. "चला, घरी चला," तो म्हणाला. "थांबू अजून चार दिवस."

मीही उठत होते, डॉक्टरबाई. खरंच उठत होते. त्या धक्क्यावर मी चार दिवस घरी बसले असते.

पण मी त्या टेबलावर इतकी वर्षं बसले आहे. समोरचं मशीन जाड जोडावर आलं की आमच्या टेबलाला कसा हिसका बसतो, ते मला माहीत आहे. हात टेबलावर ठेवला. परत तोच धक्का. पोटाच्या आतून नव्हे, लाकडातून.

मी म्हटलं, "सगळी मशीनं बंद करा."

"अगं पण मारली ना त्याने..."

"बंद करा म्हणते ना!"

मोठ्या मावशीने जाऊन मेन स्विच खाली ओढला. पंखे थांबले. मोटरी घुमत घुमत गप्प झाल्या. मी तिथे इतकी शांतता कधी ऐकली नव्हती. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तेवढाच आवाज. मी टेबलापासून स्टूल मागे ओढलं, दोन्ही हात पोटाखाली घेतले आणि वाट बघितली. सगळ्या बायका माझ्या पोटाकडे बघत उभ्या होत्या. रेडिओ, जिचं बटण कुणाला सापडलं नव्हतं, ती ओठ दाबून उभी होती.

काम थांबलं होतं. सगळंच थांबलं होतं. आणि तो काही बोलला नाही.

मी स्टुलावरून उठले. मावशीने एका काखेत हात घातला, नवऱ्याने दुसऱ्या. गाडीत मी त्याला म्हटलं, "औषध द्यायला सांगायचं. सुरू करायचं. कापलं तर कापू देत." तो "हो" म्हणाला, पुढच्या चौकात परत "हो" म्हणाला, मी काही विचारलेलं नसताना.

तुमच्या सिस्टरने मला कॉटवर घेतलं. गार जेली लावली आणि ठोके ऐकायचं यंत्र पोटावर फिरवायला लागली. डावीकडे, खाली, परत वर. खरखर, नुसती खरखर. ती माझ्याशी बोलत होती, "घाबरू नकोस गं," आणि तिचा हात भराभर जागा बदलत होता. मी छताकडे बघत होते. छताला ओल आली होती, पोपडे सुटले होते. मी मनात म्हटलं, एवढं एक मिळू दे, मग मी काही मागणार नाही. कुणाला म्हटलं, तेही माहीत नाही.

मग ठोके लागले. टकटकटकटक. नवऱ्याला रडू फुटलं. मला फुटलं नाही, कारण सिस्टरचा चेहरा अजून मोकळा झाला नव्हता.

तिने पोटाला पट्टे बांधले, हाताला सलाईनची सुई लावली, ठोक्यांची रेघ उमटलेली कागदाची पट्टी यंत्रातून बाहेर यायला लागली आणि तुम्ही आलात. तुम्ही काय म्हणालात, आठवतंय? "मग, काय ठरवलंत?"

मी म्हटलं, "ठरवलं. सुरू करा."

तुम्ही मान हलवलीत. पट्टी हातात घेतलीत, हातभर पुढे ओढलीत, मग मागे. एका जागी तुमचं बोट थांबलं. त्याच वेळी मी ऐकलं, टकटक मंद झाली, जिना चढून दमलेल्या माणसाच्या पावलासारखी, आणि मग परत उचलली. तुम्ही सिस्टरकडे बघितलंत. सिस्टरने मला डाव्या कुशीवर वळवलं, घाईने.

मी विचारलं, "काय झालं?"

"तसं ठीक आहे," तुम्ही म्हणालात. "बघू या." आणि पट्टी तशीच हातात धरून फोन लावायला दाराकडे निघालात.

नाही. दार सोडा. मी तुमचा कोट धरलाय आणि तो सोडणार नाही. हाताला सुई आहे, ती निसटली तर निसटू दे, रक्त माझंच जाईल. तुम्ही ठरवायला सांगितलंत, मी ठरवलं. सगळी मशीनं बंद करून, लाज सोडून, एकटीने ठरवलं. माझं काम झालं. आता तुमचं. धोका आहे तर आहे म्हणा. पोट कापायचं तर कापायचं म्हणा. बाळ वाचेल की नाही हे तुम्हालाही माहीत नसेल, तर तेही तोंडाने सांगा. मी ऐकेन. ठीक आहे मात्र म्हणू नका, मी ते मंद झालेले ठोके माझ्या कानांनी ऐकलेत.

तुमचं बोट पट्टीवर जिथे थांबलं, तिथे माझ्या बाळाला काय झालं?