अर्धा वाफा

सुनेला सातवा महिना लागला तेव्हा त्या घरात आया दोन होत्या आणि खोल्या कमी. एक आई मुलाची, एक सुनेची. मुलाची आई मोठ्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेली. तिला सगळे अजून मेट्रनबाईच म्हणत, आणि चिडला की पोटचा मुलगाही म्हणे. सुनेची आई मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. दोघींनी उभा जन्म हुकूम सोडण्यात घालवला होता. आता हुकूम ऐकायला एक मुलगा, एक सून आणि एक मिक्सर एवढेच उरले होते, आणि त्यातला मिक्सर मनात आलं तरच ऐकायचा.

मुलगा लिफ्टच्या कंपनीत इंजिनिअर. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना सुखरूप बाहेर काढणं हा त्याचा धंदा. घरी मात्र तोच अडकलेला असायचा आणि घंटा वाजवली तरी कुणी येत नसे.

सून दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगायची आणि घरी स्वतःचं मिटून ठेवायची. त्यामुळे एका रविवारी जेवताना ती बोलली तेव्हा दोघींचे घास हातातच राहिले.

"बाळ आलं की खालची एक खोली लागेल. तुम्हा दोघींपैकी एकीलाच इथे राहता येईल. कोण, ते मी आत्ता ठरवत नाही."

म्हणजे परीक्षा सुरू झाली, हे मेट्रनबाईंनी ओळखलं. आणि परीक्षकाची सख्खी आई शेजारच्या बाकावर.

नापास झालं तर थोरल्या मुलाकडे जावं लागणार होतं. तिथे चौथा मजला होता आणि थोरली सून होती. थोरल्या सुनेने स्वयंपाकघरातल्या कपाटांना कुलपं लावून घेतली होती, 'मुलांनी सांडलवंड करू नये म्हणून'. मुलं हॉस्टेलवर होती. मागच्या मुक्कामात चमचाभर साखर हवी असेल तर मेट्रनबाईंना किल्ली मागावी लागे. ज्या बाईच्या कमरेला एके काळी आख्ख्या इस्पितळाच्या किल्ल्या खुळखुळत, तिला.

तेव्हा दुसऱ्याच दिवशी चहाच्या वेळी त्यांनी जाहीर केलं, "थंडी ओसरतेय. मागच्या अंगणात भाजी लावते म्हणते. बाळाच्या आईच्या पोटात घरचं काहीतरी गेलेलं बरं. बाजारच्या भाजीवर काय काय फवारतात, देव जाणे."

"अगदी माझ्या मनातलं बोललात," विहीणबाई म्हणाल्या. "मीही हेच म्हणणार होते."

"म्हणणार होतात. म्हणाला नाहीत."

"मी आधी विचार करते ना विहीणबाई. सवय आहे."

अंगण तसं ऐसपैस, पण बहुतेक भाग घराच्या सावलीत. ऊन पडायचं ते कुंपणालगतच्या एका पट्ट्यावर. तिथे एकच वाफा होणार होता. तो खणायला दोघी एकाच वेळी दोन टोकांनी लागल्या. जमीन वरून भुसभुशीत आणि खाली दगडासारखी गार. मेट्रनबाई खणताना निघालेला प्रत्येक दगड पलीकडच्या बाजूला ठेवत होत्या. विहीणबाईंचे दगड कुठे जात होते ते कळत नव्हतं, पण मेट्रनबाईंच्या बाजूचा ढीग वाढत होता. मध्यावर आल्यावर विहीणबाईंनी दोन खुंट्या ठोकून सुतळी बांधली. तेव्हापासून ती सुतळी रोज बोटभर सरकायची. सकाळी इकडे, दुपारी तिकडे. वाऱ्याने सरकत असावी, असं दोघींचंही मत होतं.

बियांचे ट्रे स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवले होते. मेट्रनबाईंचे टोमॅटो, विहीणबाईंच्या काकड्या. रोपं उन्हाकडे झुकू लागली, की ज्या कुणाच्या हाती खिडकी लागे ती दुसरीचा ट्रे गुपचूप उलटा फिरवून त्यांची तोंडं सावलीकडे करी. दिवसातून चारदा हा उद्योग चाले. परिणाम असा झाला की कुठलंच रोप वाकडं होईना. एवढी सरळ, ठेंगणी, जाड बुंध्याची रोपं बियांच्या दुकानदारानेही पाहिली नव्हती. "काय करता काय तुम्ही?" त्याने विचारलं. "जीव लावते," मेट्रनबाई म्हणाल्या.

त्याच दुकानदाराने दोघींना वेगवेगळं गाठून बजावलं होतं. "एवढ्यात बाहेर लावू नका. ऊन दिसतंय, पण जमिनीला हात लावून बघा. अजून एखादी थंडीची लाट यायचीय. टोमॅटो-काकडीला ती सोसत नाही." दोघींनी मान डोलावली. पण आधी लावेल तिचा वाफा, हे न बोलता ठरलेलं होतं. एका सकाळी मेट्रनबाई अंघोळ करून येतात तो विहीणबाईंच्या काकड्या मातीत. ओले केस तसेच गुंडाळून मेट्रनबाईंनी जेवणाच्या आत टोमॅटो लावले. सून खिडकीतून बघत होती. तिने पोटावरून हात फिरवला, पण ते कौतुक होतं की कळ, हे लांबून कळलं नाही.

लाट आलीच. आठवडाही झाला नसेल, संध्याकाळी बातम्यांत सांगितलं, पहाटे पारा उतरणार, उघड्यावर दव गोठणार. मुलगा आणि सून तपासणीला गेले होते, तिथूनच परस्पर जेवून येणार होते. आणि विहीणबाईंची कंबर दुपारपासून धरली होती. त्या खोलीत गरम पाण्याची पिशवी घेऊन पडल्या होत्या.

"विहीणबाई," आतून हाक आली. "ऐकलंत ना? माझ्या रोपांवरही टाका हं काहीतरी. मला उठवत नाहीये."

"टाकते ना. पडून राहा तुम्ही."

मेट्रनबाईंनी कपाटातून जुनी जाड चादर काढली. चांगली डबलबेडची होती. अंगणात येऊन त्यांनी ती वाफ्यावर धरली. एका टोकाचा पहिला टोमॅटो झाकला गेला आणि दुसऱ्या टोकाची शेवटची काकडीही. वर वीतभर कापड उरत होतं.

त्या तशाच उभ्या राहिल्या. शेजारच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं. मग त्यांनी चादर मधोमध दुमडली. दुहेरी केली की ऊब जास्त मिळते, हे कुठलीही नर्स सांगेल. दुहेरी चादर त्यांनी टोमॅटोंवर अंथरली, कडा मातीत खोचल्या, कोपरे पाकिटासारखे मुडपले. चादर सुतळीपाशी संपली. बरोब्बर सुतळीपाशी.

घरात शिरल्यावर आतून पुन्हा आवाज आला. "झालं का हो?"

"झाकलं."

"फार उपकार झाले. खरंच."

दोन वर्षांच्या सहवासात विहीणबाईंच्या तोंडून डंख नसलेलं हे पहिलंच वाक्य. मेट्रनबाई दारात घुटमळल्या. परत जाऊन चादर उलगडायला कितीसा वेळ लागणार होता? पण चपला काढून झाल्या होत्या.

सकाळी गवतावर पांढरा थर होता. मेट्रनबाई उठून बाहेर आल्या तेव्हा सून त्यांच्या आधीच वाफ्याशी पोचलेली, नवऱ्याचा कोट अंगावर, पोटापाशी बटणं उघडी. काकड्या उकडून काढल्यासारख्या काळ्या पडून मातीला चिकटल्या होत्या. शेजारी चादर, कोपरे जसेच्या तसे.

सुनेने वाकता येत नसतानाही वाकून चादरीचं टोक सोडवलं. आधी टोमॅटो पाहिले. हिरवेगार, तरतरीत. मग हातातल्या चादरीकडे पाहिलं, ती उलगडली आणि वाफ्यावर पसरली. चादर सुतळीवरून पुढे गेली, शेवटच्या काकडीवरून गेली आणि पलीकडे वीतभर लोंबली.

"आई," ती म्हणाली, "पुरत होती."

मेट्रनबाईंनी उत्तर शोधलं. ऊब, दुहेरी, नर्सिंग, सगळं जिभेवर होतं.

तेवढ्यात मागून विहीणबाई आल्या. ताठ चालत आल्या. काल धरलेली कंबर सुटली होती.

"अगं, राहू दे गं," त्या म्हणाल्या. "त्यांना नको बोलूस. वय झालंय त्यांचं. संध्याकाळच्या अंधारात दिसलं नसेल कुठे काय आहे ते."

विहीणबाई वयाने दोन वर्षांनी मोठ्या होत्या. पण मुद्दा तो नव्हता. मुद्दा हा होता की त्यांनी सुटायला एक दार उघडून दिलं होतं, आणि दारापलीकडे विहीर होती. दिसत नाही म्हणावं, तर नीट न दिसणाऱ्या म्हातारीच्या हातात बाळ कोण देईल? दिसत होतं म्हणावं, तर मग कोणीच देणार नाही. शाळेत मुलींना उभं करून असे प्रश्न विचारत असणार ही बाई, आणि वर प्रेमळ म्हणून नाव मिळवत असणार.

"मला नीट दिसत होतं," मेट्रनबाई म्हणाल्या.

"ते मला कळलं," सून म्हणाली. आणि चादर घडी घालून आत घेऊन गेली.

त्यावर घरात पुन्हा कुणी काही बोललं नाही. ओरडाआरडा झाला असता तर मेट्रनबाईंना हिंमत आली असती. भांडणात त्या कुणाला हार गेल्या नव्हत्या. पण मुलाने जेवणानंतर गॅलरीत जाऊन दार लावून घेतलं आणि थोरल्याला फोन केला. काचेतून त्याचे खांदे दिसत होते.

"थोडे दिवस जाऊन ये, आई," आत आल्यावर तो म्हणाला. "हवापालट."

"थोडे म्हणजे?"

तो आईच्या बॅगेची चेन लागते का, ते बघू लागला.

निघायच्या दिवशी ऊन खरंच उबदार होतं. टोमॅटोंना नवी पानं आली होती. मेट्रनबाईंच्या मनात आलं, ओढून काढावेत सगळे मुळासकट. हातही गेला. मग एका पानामागे मावा दिसला, तो बोटाने पुसून काढला आणि पुढचं रोप तपासलं, मग त्याच्या पुढचं. गाडीचा हॉर्न वाजेपर्यंत सगळी रोपं बघून झाली होती. विहीणबाई सुतळी गुंडाळत होत्या. आता तिचं काम नव्हतं.

"पाणी मुळाशी घाला," मेट्रनबाई म्हणाल्या. "पानांवर नको."

"मुळाशीच घालते. तुम्ही काळजी करू नका."

"वाढले की काठ्यांचा आधार लागेल."

"आणून ठेवल्यात की. चांगल्या उंच."

"काकडीला एवढ्या उंच?"

"काकडीला कशाला?" विहीणबाई हसल्या. "टोमॅटोलाच आणल्या. मागच्या महिन्यात. पहिला लाल झाला की पाठवीन हं तुम्हाला."

मेट्रनबाई गाडीत बसल्या आणि त्यांनी काच वर केली. विहीणबाई बाहेरून अजून बोलतच होत्या. ऐकू येत नव्हतं, पण हात खालीवर हलत होते. बहुधा खत कधी घालायचं, ते विचारत होत्या.