नळावरचा कागद

बोळिंजमधल्या शांतारामकाकांच्या फ्लॅटवर रचनाने रविवारी कुणीही येऊन बघावं असं ओपन हाऊस ठेवलंय हे कळल्यापासून जितेंद्रच्या पोटात जे दुखायला लागलं, ते थांबेचना. आठ महिने त्या फ्लॅटची किल्ली त्याच्या खिशात होती. काकांनी ती काढून घेतली आणि दिली कुणाला, तर काल-परवा दलालीच्या धंद्यात आलेल्या पोरीला! बोली एवढीच होती, की रविवारी संध्याकाळपर्यंत विसाराचं टोकन आलं नाही तर किल्ली परत जितेंद्रकडे. म्हणजे आज तिचा पचका व्हायलाच हवा होता.

चार वाजता तो ‘सहज आलो’ म्हणत वर गेला. दारात चपलांचा ढीग बघूनच त्याचं डोकं सणकलं. आत सगळ्या खिडक्या सताड उघड्या, काकांचं ते अवाढव्य कपाट गायब. हॉल केवढा मोठा दिसत होता! आठ महिन्यांत आपण एकदा तरी खिडकी उघडली होती का? छे, असल्या नखऱ्यांनी कुठे फ्लॅट विकतात?

त्याचा बेत ठरलेला होता. या सोसायटीत पाणी दिवसातून दोनदाच सोडतात. चार लोकांदेखत किचनचा नळ सोडायचा, तो कोरडा निघाला की आपोआप बोभाटा होणार. तो आत घुसला, नळाला हात घातला आणि तिथेच थिजला. नळावर रचनाच्या टपोऱ्या अक्षरात कागद चिकटवलेला होता: ‘पाणी सकाळी सहा ते सात, संध्याकाळी सात ते आठ. बाकी वेळेसाठी पिंप भरून ठेवावं लागतं.’

“अहो, तुम्हीच ना ते?” मागून एका बाईंचा आवाज आला. “मागच्या महिन्यात बाजूच्या विंगमध्ये फ्लॅट दाखवलात. चोवीस तास पाणी म्हणालात!”

सगळे वळून बघायला लागले. रचनाला तेव्हा त्याची यथेच्छ शोभा करता आली असती. ती फक्त म्हणाली, “जितूदादा, चहा घेणार?” हे त्याला जास्त झोंबलं.

पाच वाजता त्याच बाईंच्या नवऱ्याने काकांच्या हातात टोकनचा चेक ठेवला. जितेंद्रच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तो चपला शोधत होता, तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ रचनाला विचारताना ऐकू आले, “हा गेला. दुसरा आहे का?”

“बाजूच्या विंगमध्ये आहे. पण किल्ली जितूदादांकडे.”

“पाण्याचं कसं तिथे?” म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे वळून विचारलं.

चोवीस तास हे शब्द त्याच्या जिभेवर आलेच होते. त्याने ते गिळले.

“सकाळी सहा ते सात,” तो म्हणाला. “संध्याकाळी सात ते आठ. पिंप भरून ठेवावं लागतं.”

“बरं झालं सांगितलंत. चला, दाखवा.”

अकरा वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाइकाशी तो पहिल्यांदाच खरं बोलला होता. आणि साला, तेसुद्धा तिच्याच कागदावरचं!